कंसात एकच साल

खानदेशातल्या शाळेत लेखक दोन वाटांनी येतो. पहिला जूनमध्ये येतो, कोऱ्या पाठ्यपुस्तकाच्या वासासकट, आणि त्याच्या नावापुढे कंसात दोन साले असतात: एक जन्माचे, एक मृत्यूचे. दुसरा हिवाळ्यात येतो, एसटीने किंवा संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या गाडीतून, आणि त्याच्या नशिबी शाल, श्रीफळ व मध्येच मुका होणारा माईक असतो. पहिल्याची मुलांना सवय असते. दुसरा त्यांना बुचकळ्यात टाकतो, कारण पाचवी-सहावीतल्या मुलाची समजूत पक्की असते, की लेखक व्हायचे तर आधी मरावे लागते.

या समजुतीत मुलांचा दोष नाही. बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली. तेव्हापासून राज्यातल्या बहुतेक मुलांची लेखकाशी पहिली ओळख झाली ती पाठाजवळच्या चार ओळींच्या परिचयातून. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१), बालकवी (१८९०-१९१८), साने गुरुजी (१८९९-१९५०): खानदेशाला आपली वाटणारी ही मंडळी मुले जन्मायच्या कितीतरी आधी कंस मिटून बसलेली. हयात लेखकापुढे मात्र एकच साल छापलेले असते. ते पाहून एखादी चौकस मुलगी विचारते, "बाई, दुसरं साल छापायचं राहिलं का?" बाई पुस्तक हातात घेतात, नीट पाहतात आणि सांगतात, "ते अजून आहेत." वर्ग क्षणभर गप्प होतो. 'लेखक आपल्या भेटीला' या उपक्रमाची खरी सुरुवात तिथे होते. निमंत्रणपत्रिका नंतर छापली जाते.

उपक्रमाला नाव अलीकडे मिळाले असले, तरी खानदेशात तो शंभरहून अधिक वर्षे चालू आहे. केशवसुत भडगावला आणि पुढे फैजपूरला शाळेत मास्तर होते. मराठी कवितेला वेगळे वळण लावणारा कवी समोर खडू घेऊन उभा आहे, हे त्या मुलांना ठाऊक असायचे काही कारण नव्हते. ज्याच्या हातात आपली उत्तरपत्रिका आहे तो माणूस मुलांच्या लेखी मास्तरच असतो, मग त्याच्या खिशात 'तुतारी' का असेना.

बालकवींच्या बाबतीत उलटे घडले. लेखक शाळेत यायची वाट न पाहता शाळकरी वयाचा मुलगाच लेखकांच्या मेळाव्यात गेला. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही पदवी देऊन टाकली. साहित्यिकांना एकदा भेटून एवढा फायदा पुढे खानदेशातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला झालेला नाही. हल्ली फार तर सहभागाचे प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर नावाच्या ऱ्हस्व-दीर्घाची चूक असते.

सर्वांत लांबलेली लेखकभेट अमळनेरची. पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे प्रताप हायस्कूलमध्ये होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांची अंथरुणे गुंडाळून ठेवायची, खोल्या आवरायच्या आणि उरलेल्या वेळात मुलांसाठी वर्तमानपत्र काढायचे, असा हा उद्योग. त्या वर्तमानपत्राचे नाव 'छात्रालय दैनिक'. ते छापलेले नसे. गुरुजी स्वतःच्या हाताने लिहून काढीत. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू झाले. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली गेली, म्हणजे अमळनेरच्या मुलांनी हा लेखक वाचायला घेतला तेव्हा त्याच्या नावावर गाजलेले असे एकही पुस्तक नव्हते. परिचयात सांगण्यासारखे काही नसलेला लेखक मुलांना जास्त मानवतो, ही गोष्ट आयोजकांच्या ध्यानात अजून यायची आहे.

आयोजकांच्या ध्यानात असतो तो मोसम. तो सुरू होतो १५ ऑक्टोबरला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची ही जयंती महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरी होते. त्या दिवशी काही शाळांत दप्तर आणायचे नसते, त्यामुळे वाचनाची प्रेरणा सकाळपासूनच चेहऱ्यांवर दिसू लागते. मग २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्यानंतर परीक्षा लागतात आणि ऊन तापते. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकत असताना साहित्यावर प्रेम करणे कोणालाच परवडत नाही.

मधल्या डिसेंबर-जानेवारीचे महत्त्व मात्र निव्वळ साहित्यिक नाही. कपाशीच्या काड्यांवर हिरवट वांगी भाजून भरीत करायचे, सोबत कळण्याच्या पुऱ्या आणि कांद्याची पात, हे दिवस तेच. पुण्यामुंबईकडच्या लेखकाला ऑगस्टमध्ये विचारले तर तो डायरी पाहून कळवतो. डिसेंबरात विचारले तर त्याला ग्रामीण वाचनसंस्कृतीची काळजी वाटू लागलेली असते. धुळ्याकडे हेच काम झणझणीत शेवभाजी करते. यावल-रावेर भागात परतीच्या वेळी गाडीच्या डिकीत केळीचा घड ठेवला जातो, आणि एकट्या राहणाऱ्या कवीसमोर पुढचे आठ दिवस फार मोठा प्रश्न उभा राहतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाळेत तयारी असते. फलकलेखन चांगले असणारे सर रंगीत खडूंनी पुस्तकावर बसलेला मोर काढतात. मोरच का, हे कोणी विचारत नाही. मुलांना पटांगणात रांगेत बसण्याची तालीम दिली जाते, टाळ्यांचीही. मुख्य काम प्रश्नांचे असते. लेखकाला विचारायचे प्रश्न मराठीच्या बाई चिठ्ठ्यांवर लिहून हुशार मुलांना वाटतात: "आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?", "आपले आवडते लेखक कोण?", "आम्हा विद्यार्थ्यांना आपण काय संदेश द्याल?" चिठ्ठी मिळालेला मुलगा रात्रभर ती पाठ करतो आणि सकाळी नेमका "आम्हा विद्यार्थ्यांना आपण काय संदेश दिलात?" असे विचारतो.

कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन वाऱ्यामुळे तिसऱ्या काडीला होते. ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार आणि पुन्हा राहिलेल्यांचा सत्कार. 'बुके नको, बुक द्या' हे धोरण बऱ्याच शाळांनी स्वीकारले आहे, त्यामुळे लेखकाला पुस्तक भेट मिळते. ते क्वचित त्याचेच निघते. पाहुण्यांच्या परिचयाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याची एखादी कथा वाचून झाली असती. परिचय करून देणारे सर पुरस्कारांची यादी वाचतात आणि मुलांना त्यातला एकही माहीत नसल्यामुळे प्रत्येक नावाला सारख्याच जोरात टाळी पडते. मग अध्यक्ष म्हणून बसलेले अण्णासाहेब, ज्यांना शेतीच्या कामासाठी लवकर निघायचे असल्याने आधी बोलू दिले जाते, अर्धा तास बोलतात.

श्रोत्यांना उठून जाण्याची सोय नसलेली व्याख्याने खानदेशाला नवी नाहीत. त्यातली सर्वांत नावाजलेली धुळ्याच्या तुरुंगात झाली: २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी एक, असे गीतेचे अठरा अध्याय विनोबांनी कैद्यांना सांगितले आणि कैदेतच असलेल्या साने गुरुजींनी ते लिहून घेतले. 'गीता प्रवचने' या पुस्तकाचा जन्म तो. शाळेच्या पटांगणातही जागा सोडता येत नाही, पण इथे लिहून घ्यायला साने गुरुजी नसतात आणि बोलायला दर वेळी विनोबा असतीलच असे नाही. मागच्या दोन रांगा तोपर्यंत वाळूवर रेघोट्या काढू लागलेल्या असतात.

इथवर वाचनाशी संबंध येईल असे काही घडलेले नसते. घडते ते पुढे, आणि बहुधा चुकून.

सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे कवी स्वतःची कविता विसरतो. कविता सातवीच्या पुस्तकातली, मुलांनी चाचणीसाठी घोकलेली. कवी ती डोळे मिटून म्हणू लागतो. दुसऱ्या कडव्यात त्याची ओळ अडकते. तो हात हवेत धरून थांबतो, कपाळाला आठ्या पडतात, मुख्याध्यापक खुर्चीत पुढे सरकतात. तेवढ्यात समोरून सातवी 'ब' मधून एक बारीक आवाज पुढची ओळ म्हणतो. त्याला दहा आवाज मिळतात, मग शंभर. कवी डोळे उघडतो, हसतो आणि उरलेली कविता मुलांकडून ऐकतो. शेवटचे कडवे मुले इतक्या जोरात म्हणतात, की शाळेबाहेरचा कुल्फीवाला आत डोकावतो. कालपर्यंत पाच गुणांची असलेली ही कविता एवढ्या वेळात मुलांच्या मालकीची होते. लिहिणाऱ्यालाही ती पाठ नव्हती, आपल्याला होती, हा आनंद पुढे कित्येक दिवस पुरतो. हुशार कवी हल्ली मुद्दाम विसरतात असे म्हणतात, पण मुले खरे विसरणे बरोबर ओळखतात.

दुसरी चूक भाषेची. खानदेशात शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर या पट्ट्यात घरी अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली. "आहे" ऐवजी "शे" म्हणणाऱ्या मुलाला शाळेत "शुद्ध बोल" असे ऐकवले जाते, त्यामुळे पुस्तक म्हणजे आपल्यापेक्षा शुद्ध माणसांची वस्तू, हे त्याच्या मनात ठसलेले असते. पाहुणा लेखक याच मातीतला असेल तर पहिली दहा मिनिटे तोही जपून बोलतो. मग माईक बंद पडतो, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघते, "हाई काय शे रे भो?" पटांगणभर हशा उसळतो. मागच्या रांगेत, जिथे रेघोट्या चालल्या होत्या, तिथला एक जण शेजाऱ्याला ढोसतो: "हाऊ तं आपलाच मानूस शे!" त्यानंतर लेखकाने काहीही सांगितले तरी ते ऐकले जाते. आईच्या ओव्या, विहिरीवरचे भांडण, नापास झाल्यावर घरी न जाता शेतात काढलेली रात्र, हे सगळे पुस्तकात लिहिता येते, ही बातमी मुलांना तिथे पहिल्यांदा मिळते.

खरे तर ही बातमी जुनी आहे. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी सुचलेले त्या आपल्या बोलीत म्हणत आणि मुलगा सोपानदेव व आप्तांपैकी कोणी ते उतरवून घेत. ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, 'बहिणाबाईंची गाणी' छापली गेली. आता जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे, आणि तिथून पदवी घ्यायची तर आधी अर्ज शुद्ध भाषेत भरावा लागतो. ना. धों. महानोर यांची गोष्टही मुलांना अशीच भावते. पळसखेड्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा जळगावचे कॉलेज अर्धवट सोडून शेतीत परतला आणि १९६७ मध्ये 'रानातल्या कविता' आल्या. शिक्षण सोडण्याचा भाग लेखक सांगू लागला, की मुख्याध्यापक अस्वस्थ होऊन घड्याळ पाहतात.

प्रश्नोत्तरांचा तास चिठ्ठ्या संपल्यावर रंगतो. मुलांचे स्वतःचे प्रश्न बाहेर येतात आणि त्यांत प्रेरणेचा पत्ता नसतो. "तुम्ही पेन कोणता वापरता?" "एका गोष्टीचे किती पैसे मिळतात?" हा प्रश्न आला की लेखक आकाशाकडे पाहतो. "तुम्ही लिहायला बसले की घरचे काम सांगतात का?" याला लेखकाचे उत्तर फार मनापासून येते. "त्या गोष्टीतला कुत्रा खरंच मेला का?" या प्रश्नावर मात्र अख्खे पटांगण गंभीर असते. लेखकाने "नाही, तो मी गोष्टीसाठी मारला" असे कबूल केले, तर त्याची काही खैर नसते.

सर्वांत टोकदार प्रश्न स्वाध्यायाचा. पाठाखालचे प्रश्न लेखकच काढतो अशी मुलांची समजूत असते आणि वर्षभराचा राग साठलेला असतो. लेखक हात जोडून सांगतो, की ते काम त्याचे नाही. मग एखादी मुलगी हळूच विचारते, "या ओळीतून कवीला काय म्हणायचं आहे?" कवी विचारात पडतो आणि म्हणतो, की त्या दिवशी पाऊस नव्हता, बैल विकायला काढला होता, त्यामुळे तसे लिहिले गेले, म्हणायचे असे फारसे काही नव्हते. मुलगी वहीत ते लिहून घेते. बाई नंतर तिला बाजूला घेऊन समजावतात, की हे सगळे बरोबर असले तरी परीक्षेत गाइडमधलेच उत्तर लिही. कवीला निसर्गाविषयीची कृतज्ञता व्यक्त करायची आहे.

शेवटी स्वाक्षऱ्या. पुस्तक विकत घेतलेली मुले चार-पाच असतात, बाकीच्यांकडे जे असेल ते पुढे येते: भूगोलाची वही, बसचा पास, तळहात. तळहातावरची स्वाक्षरी संध्याकाळी शेण भरताना जाते. वहीतली टिकते. गणिताच्या वहीत कोपऱ्यात मिळालेल्या एका स्वाक्षरीवर दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी सवयीने लाल पेनाने बरोबरची खूण केल्याचा किस्सा शिक्षकांच्या गप्पांत ऐकू येतो. मराठी साहित्यात इतके निःसंदिग्ध परीक्षण क्वचितच होते.

लेखक गेल्यावर, म्हणजे भरीत, पुऱ्या आणि निरोप आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीत मुले ऑफिससमोर उभी राहतात. त्यांना पुस्तक हवे असते. काल आलेल्या लेखकाचे, आणि ते नसेल तर दुसऱ्या कोणाचे, पण "तसलं". हा उत्साह साधारण आठवडाभर टिकतो. त्या आठवड्यात कपाट उघडले तर उघडले.

कपाट लोखंडी, राखाडी रंगाचे. त्याची किल्ली ज्या सरांकडे असते ते त्या दिवशी जनगणनेच्या, निवडणुकीच्या किंवा शालेय पोषण आहाराच्या कामात असतात. किल्ली मिळाली तरी सर कपाट जपून उघडतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. शाळेतल्या वस्तूंची नोंद जिथे होते त्या वहीला शाळांमध्ये डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. बाके, घंटा, पाण्याची टाकी यांच्या रांगेत काही शाळांची पुस्तकेही तिथेच बसतात. तपासणीला आलेला अधिकारी पुस्तके वाचली गेली का, हे सहसा विचारत नाही. मोजून भरली का, एवढे पाहतो. एक कमी भरले तर किल्ली ज्यांच्याकडे, त्यांनी भरून द्यायचे. सर पुस्तके देत नाहीत याला वाचनद्वेष म्हणता येत नाही, तो घरखर्चाचा प्रश्न असतो.

काही शाळांनी यातून वाट काढली आहे. वर्गात दोरी बांधून पुस्तके कपड्यांसारखी वाळत घातलेली असतात. हवे ते काढायचे, वाचायचे, पुन्हा अडकवायचे. कुठे पेटी घेऊन मुलेच वर्गावर्गांत फिरतात आणि देवघेवीची वही सहावीतली मुलगी सांभाळते. तिचा दरारा मुख्याध्यापकांपेक्षा जास्त असतो. तिच्या वहीवरून लेखकभेटीचा परिणाम भाषणांपेक्षा नीट कळतो. भेटीच्या आधीच्या महिन्यात तीन-चार नावे आणि त्यातली दोन शिक्षकांची. नंतरच्या पंधरवड्यात पाने भरून नावे, एकाच पुस्तकासाठी चार जणांची ओळ, आणि शेऱ्याच्या रकान्यात "भाजीचा डाग", "बकरीने कोपरा खाल्ला", "आईने वाचायला ठेवून घेतले".

अशी पुस्तके वर्षा-दोन वर्षांत खिळखिळी होतात. मग त्यांचे निर्लेखन करावे लागते, म्हणजे ती रजिस्टरमधून रीतसर काढून टाकायची. त्यासाठी समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांची सही लागते, शिवाय प्रत्येक पुस्तकापुढे कारण लिहायचे असते. आजवरच्या नोंदींत वाळवी, उंदीर आणि गळके छप्पर एवढीच कारणे आढळत असल्याने क्लार्क पेन उचलून सरांना विचारतो, "सर, हे कशानं फाटलं लिहू?" सर पुस्तक उलटेसुलटे करून पाहतात. पहिल्या पानावर लेखकाची स्वाक्षरी असते, परिचयात कंसात अजून एकच साल असते, आणि मधली सोळा पाने शिवण सोडून बाहेर आलेली असतात.

"लिहा," सर म्हणतात, "पोरांनी वाचलं."

क्लार्क बराच वेळ थांबतो आणि रकान्यात लिहितो, "इतर कारणे."